पंडिता रमाबाई ख्रिस्ताकडे का गेल्या?

धर्म बदलणाऱ्या माणसासाठी आपल्या देशात दोन शिव्या ठरलेल्या आहेत. पहिली, हा आमिषाला भुलला. दुसरी, हा दुःखात होता, डोके ठिकाणावर नव्हते, कुणीतरी फायदा घेतला. पहिली शिवी गरिबाच्या वाट्याला येते. नगर जिल्ह्यातल्या महार-मांगांनी १९ व्या शतकात मिशनचा रस्ता धरला तेव्हा ते 'पोटासाठी बाटलेले' ठरले. दुसरी शिवी बाईसाठी राखून ठेवलेली असते. पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आजही सुशिक्षित तोंडातून हेच ऐकू येते : आईबाप गेले, भाऊ गेला, नवरा गेला, बिचारी एकटी पडली आणि परदेशात मिशनऱ्यांच्या हाती लागली.

दोन्ही शिव्यांचा अर्थ एकच आहे. धर्मांतर करणाऱ्याला स्वतःची बुद्धी नसते, असे त्यांना म्हणायचे असते. ज्यांच्या बापजाद्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्या आपल्याला हा सूर चांगला ओळखीचा आहे. म्हणून रमाबाईंची गोष्ट आपण आपल्या डोळ्यांनी पुन्हा वाचली पाहिजे, असे आम्हाला वाटते. (आपल्या पोरांना रमाबाई म्हटले की रमाई आठवते, आणि ते बरोबरच आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीही रमाबाईच. इथे आम्ही बोलतो आहोत ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंबद्दल.)

त्या दुःखात होत्या हे खरेच आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे की ते दुःख आले कुठून?

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. त्यांनी एकच 'गुन्हा' केला होता. बायकोला संस्कृत शिकवले. त्यासाठी त्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे उभे राहावे लागले आणि शास्त्रात याला बंदी नाही हे शास्त्रातूनच सिद्ध करावे लागले. बाकी सर्व बाबतींत हा माणूस कट्टर. व्रते, दाने, तीर्थयात्रा, ब्राह्मणभोजने यांत घरचे सगळे द्रव्य गेले. कुटुंब पुराणे सांगत गावोगाव हिंडू लागले. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा हातात काही उरले नव्हते. काही महिन्यांच्या अंतराने आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण.

रमाबाईंनी पुढे १९०७ साली आपली साक्ष लिहून प्रसिद्ध केली. तिच्यात या दिवसांचे वर्णन आहे आणि ते प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. देवांनी काही दिले नाही, हे त्या सांगतातच. त्याशिवाय त्या आणखी एक गोष्ट सांगतात. आम्ही भुकेने मरत होतो, पण अंगमेहनतीचे काम करायची आम्हाला लाज वाटत होती. शास्त्री घराण्याने मोलमजुरी कशी करायची! म्हणजे त्या घरात जातीचा अभिमान चुलीपेक्षा मोठा होता. जातीव्यवस्था खालच्याला उपाशी मारते हे आपण रोज सांगतो. वरच्याच्या हातापायातले बळही ती काढून घेते, हे एका ब्राह्मण मुलीने अनुभवाने लिहून ठेवले आहे. आई गेली तेव्हा तिरडी उचलायला पुरेसे ब्राह्मण मिळाले नाहीत. मुलीला स्वतः आईचे प्रेत वाहून न्यावे लागले. आयुष्यभर ज्या ब्राह्मणांना जेवू घातले, त्यांच्यापैकी चार खांदे मिळाले नाहीत.

उरलेली दोघे भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, पायी हिंदुस्थान फिरली आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. अठरा हजारांवर श्लोक पाठ असलेली वीस वर्षांची मुलगी म्हणजे त्यांना चमत्कारच होता. केशवचंद्र सेन यांनी तिला वेदांची प्रत दिली आणि वाच म्हणून सांगितले. आणि इथे गंमत झाली. जिला कौतुकाने ग्रंथ दिले, तिने ते खरोखर वाचले.

सगळे धर्मशास्त्र पालथे घातल्यावर रमाबाईंना दिसले की या ग्रंथांचे आपसात कशावरही एकमत नाही, पण दोन गोष्टींवर मात्र आहे. बाई जातीने उंच असो की नीच, ती मुळातच वाईट आणि अविश्वासू. आणि बाईला व शूद्राला पुरुष द्विजाप्रमाणे मोक्ष नाही. नवऱ्याची सेवा करावी, पुण्य साठवावे आणि पुढच्या जन्मी पुरुष व्हावे. शूद्राने वेद ऐकला तर कानात काय ओतावे, उच्चारला तर जिभेचे काय करावे, हेही त्यांनी वाचले आणि आपल्या साक्षीत नोंदवले. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती २५ डिसेंबर १९२७ रोजी. जवळपास पन्नास वर्षे आधी एक ब्राह्मण बाई त्याच पानांपाशी थांबली होती आणि आपला मुक्काम शूद्राच्या शेजारी आहे हे तिला कळले होते. त्याहीआधी, १८५५ साली, सावित्रीमाईंच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने 'ज्ञानोदय'मधल्या निबंधात हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारला होता. वेद आमचे नाहीत असे ब्राह्मण म्हणतात, तर मग आमचा धर्म कोणता? मांगाच्या मुलीला हे पुस्तक न वाचताच कळले होते. पंडितेला सगळी पुस्तके वाचून कळले.

१८८० साली श्रीनिवास डाक्क्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते बंगाली कायस्थ, वकील, आणि धर्मशास्त्राच्या हिशेबात शूद्र. ब्राह्मण मुलीने शूद्राशी केलेले, तेही कसलाही विधी न करता केलेले हे लग्न. १८८१ साली मुलगी झाली, मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती.

येशूची पहिली भेट मात्र या मृत्यूच्या आधीची आहे, हे आरोप करणारे सोयीस्कर विसरतात. सिल्चरच्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांत तिला लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. एक मिशनरी घरी येऊन बोलतही असे. नवऱ्याला ते पसंत नव्हते. म्हणजे संसार सुरू होता, नवरा हयात होता, पोर मांडीवर होते, तेव्हाच तिचा शोध चालू होता. दुःखाने तिला धर्माकडे ढकलले, हे सूत्र इथेच अर्धे कोसळते.

विधवा होऊन रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीती' लिहिले, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर तयार केल्या पाहिजेत असे सांगितले. वैद्यक शिकायला म्हणून १८८३ साली लहान मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. परक्या मुलखात ओळखीचे एकमेव माणूस गेले. त्यानंतर काही दिवसांतच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

तारखा एवढ्या जवळ असल्या की टीकाकाराला आयते कोलीत मिळते. पण आपल्या मनाचा निर्णय कशाने झाला हे रमाबाईंनी स्वतः सांगितले आहे, आणि ते शोकाचे कारण नाही. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या आश्रमात नेले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे ठेवून घेत, शिकवत, माणसात आणत. रमाबाईंना हे नवीन होते. त्यांनी वाचलेल्या शास्त्रात अशा बाईला शिक्षा होती, परतीची वाट नव्हती. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर आलेली शोमरोनी बाई. यहुद्यांच्या लेखी तिची जमात विटाळाची. तिला पाच नवरे होऊन गेलेले. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो.

वाचकहो, जरा थांबा. पाणी, विहीर, विटाळ आणि टाकलेली बाई. चवदार तळ्याच्या लेकरांना ही गोष्ट कुणी समजावून सांगायला हवी का? ज्या बाईच्या हातचे पाणी चालत नाही तिच्याकडेच पाणी मागणारा देव रमाबाईंना भेटला. शास्त्रांनी जे नाकारले ते इथे मिळते आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या दुःखावर इलाज झाला तो असा झाला. 'सोस, हे तुझ्या गेल्या जन्मीचे पाप आहे' असे विधवेला सांगणाऱ्या धर्मातून त्या बाहेर पडल्या.

पुण्यात गदारोळ झाला. सुधारकही गप्प झाले. हिंदू राहून सुधारणा करणारी विदुषी त्यांना हवी होती, प्रश्नाचे उत्तर शोधत शेवटपर्यंत जाणारी नको होती. तेव्हा रमाबाईंच्या बाजूने कोण उभे राहिले? जोतीराव फुले. १८८५ साली त्यांनी 'सत्सार'च्या अंकात ब्राह्मो आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींची झडती घेतली आणि रमाबाईंची बाजू मांडली. ग्रंथ वाचून, त्यातला पक्षपात ओळखून बाईने धर्म सोडला, यात तिचे काय चुकले, असा त्यांचा रोख होता. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्यांच्या जवळ राहूनही झाले नाहीत. पण त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एका घराची कल्पना आहे. त्यात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असू शकतो आणि तरी सगळी प्रेमाने एकत्र नांदतात. श्रद्धा ज्याची त्याने तपासून घ्यावी, हा फुल्यांचा निकष आहे. आपल्यातले काही तरुण ख्रिस्ती झालेल्या भावाबहिणींना 'भरकटलेले' म्हणून मोकळे होतात. त्यांनी हे पान उघडून पाहावे.

आता दुसरी बाजू. रमाबाई मिशनऱ्यांच्या हाती लागल्या म्हणतात, तर त्यांची सिस्टर जेराल्डिनशी झालेली पत्रे वाचा. त्रैक्याचा सिद्धांत मला पटलेला नाही, असे त्या स्पष्ट लिहितात. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असे विचारतात. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, हिंदुस्थानात त्याने त्यांची पत जाईल, असा सल्ला बिशपांनी दिला, तेव्हा त्या उसळल्या. हिंदुस्थानातल्या भटजींचे जू आत्ताच मानेवरून उतरवले आहे, दुसऱ्यांचे तसलेच जू घ्यायला मी आले नाही, हा त्यांच्या उत्तराचा आशय. मांसाहार त्यांनी केला नाही, साडी सोडली नाही. भोळ्या, शोकाकुल बाईची ही लक्षणे आहेत काय?

तरीही आम्ही रमाबाईंची आरती ओवाळायला बसलेलो नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नव्हता. तिथून पुढे त्यांच्या लिखाणात पाप, पश्चात्ताप आणि तारण यांचा सूर वाढत जातो. आतून शांती मिळाली, असे त्या वारंवार लिहितात. त्या शांतीवर शंका घेण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण बाबासाहेबांचा एक आक्षेप इथे समोर ठेवावाच लागेल. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर त्यांनी जे लेख लिहिले, ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत, पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत आले. तिथे ते म्हणतात की दलिताची अधोगती भोवतालच्या अन्यायी समाजरचनेमुळे झाली हे सांगण्याऐवजी मिशनरी त्याला त्याच्या पापामुळे झाली असे शिकवतात, आणि म्हणून तो रचनेवर तुटून पडण्याऐवजी आत वळतो. हा घाव वर्मी आहे. पूर्वजन्मीच्या पापातून सुटलेला माणूस मूळ पापात अडकला तर त्याचे दुःख हलके होईल, पण दुःख देणारा मोकळाच राहील. आणि चर्चमध्येही जातीने पाठ सोडली नाही, हे दलित ख्रिस्ती बांधव स्वतःच सांगतात.

मग रमाबाई या आक्षेपाला कितपत उतरतात? आमचे मत असे की त्यांच्या लिखाणापेक्षा त्यांचे काम उत्तर देते, आणि तेही टप्प्याटप्प्याने. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी. त्यांच्या १८८७ च्या इंग्रजी पुस्तकाचा विषयही उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच आहे. सदनात ब्राह्मण मुलींचे सोवळे सांभाळले जाई. जात मोडून लग्न केलेल्या बाईने आपल्या आश्रमात जात पोसावी, ही तडजोड आम्हाला टोचते. आणि एवढे करूनही पुण्याने काय दिले? मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ साली 'केसरी'ने रान उठवले, रानडे-भांडारकरांच्या सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. उच्चवर्णीयांची मर्जी राखून चालवलेले काम उच्चवर्णीयांनीच मोडायला घेतले.

त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याकडेला मरायला टेकलेल्या मुली पाहताना त्यांना काय आठवले असेल ते सांगायला नको. वीस वर्षांपूर्वी त्या स्वतः अशाच रस्त्यावर होत्या. तीनशेच्या आसपास मुली त्यांनी आणल्या. प्लेगमुळे पुण्यात ठेवता येईनात म्हणून केडगावच्या माळावर आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आता कोण कुठल्या जातीची हे विचारायला सवड नव्हती. एका पंगतीला सगळ्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते, छापखाना, सगळे बायकांच्या हातात. अंध मुलींना ब्रेल. आणि टाकलेल्या, फसवलेल्या बायकांसाठी कृपासदन. फुलहॅमला पाहिलेले केडगावला उभे राहिले. मजुरी करायची लाज वाटून ज्या घरात माणसे मेली, त्या घरच्या मुलीने हजारो मुलींना कष्टाची कामे शिकवली. पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांची परवड झाली तेव्हा याच ख्रिस्ती बाईने ख्रिस्ती सरकारला वर्तमानपत्रातून जाब विचारला. श्रद्धेने आतून शांत झालेला माणूस बाहेर भांडायचे थांबवतोच असे नाही.

एक तुलना आम्ही जपून करतो. जुलै १९२६ मध्ये बाबासाहेबांचा राजरत्न गेला. त्याआधीही लेकरे गेली होती. महिनाभराने दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या आयुष्याची चव गेल्याचे लिहिले आणि दाखला दिला तो बायबलातल्या मिठाचा. सात महिन्यांनी ते महाडला होते. मे १९३५ मध्ये रमाई गेल्या. ऑक्टोबरात येवल्याची घोषणा झाली. शोकामुळे घोषणा झाली असे कुणी म्हणाले तर आपण त्याला मूर्ख म्हणू, आणि म्हणावेच. मग हाच न्याय रमाबाईंना का नको? शोक होता, विचारही होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी विशाखेचे आणि किसा गोतमीचे सांत्वन आवर्जून घेतले आहे. ज्याचे माणूस गेले त्याला धर्माने काही द्यायला हवे, हे त्यांनाही मान्य होते. काय द्यावे, यावर त्यांची कसोटी कडक होती.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. जिच्यासह बाप्तिस्मा घेतला, जिच्या हाती केडगाव सोपवायचे होते, ती चाळिसाव्या वर्षी गेली. रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतरात होत्या. जुनी भाषांतरे संस्कृताळलेली, खेड्यातल्या बाईला न कळणारी आणि जुन्या धर्माच्या शब्दांनी भरलेली, म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी हे काम हाती घेतले होते. जिच्या आईला संस्कृत शिकवले म्हणून बापाला धर्मसभेपुढे उभे केले होते, ती संस्कृत बाजूला ठेवून साध्या मराठीत धर्मग्रंथ लिहीत होती, आणि खिळे जुळवायला बसल्या होत्या दुष्काळातून वाचलेल्या मुली. मुलीच्या मृत्यूनंतरही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल त्यांच्या मागे केडगावच्याच छापखान्यातून निघाले.